जिन्यावरच्या चपला

बडोदे, ६ जुलै

सुभानकाका,

इथूनच पाया पडते. फोन करून उपयोग नाही हे मला कळलंय. तुम्हाला ऐकू येत नाही, आणि श्रीकृष्णदादा मधे निरोप सांगायला बसला की माझ्या अर्ध्या तासाच्या बोलण्याचं "मोहना मजेत आहे" एवढंच करतो. म्हणून पत्र.

मी मजेत नाही. आमच्या मंदाकिनीबाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, नवीन टूम काढली आहे. नववी-दहावीला दर शनिवारी आगीचा तास. आग का लागते, कशी पसरते, लागली तर काय करायचं. स्टाफरूममध्ये सगळे खाली माना घालून वह्या तपासायला लागले. बाई माझ्याकडे वळल्या, "तुझे चुलतकाका इथल्या रिफायनरीत फायरला होते ना? मग तूच घे." जसं काही आग विझवणं आमच्या रक्तातच आहे!

विज्ञान शिकवते मी, ज्वलनाचा धडा तोंडपाठ आहे. पण आग म्हणजे मेणबत्ती नव्हे, एवढं मलाही समजतं. आणि हे काम अंगावर आल्यापासून माझं डोकं फिरलंय. दांडिया बाजारातल्या साडीच्या दुकानात गेले तर साड्या सोडून मागचं दार शोधत होते. घरून निघताना गॅसचा बाटला बंद आहे ना, हे जिन्यातून परत वर येऊन पाहते. अविनाश हसतो. सानवी तर म्हणाली, "आई, तू थोडी गांडी झालीयेस." गुजरातीत गांडी म्हणजे वेडी, तुम्हाला सांगायला नको. दहावीचं वर्ष आहे तिचं, तोंड फार सुटलंय.

तर काका, सुरुवात कुठून करू, ते सांगा.

मोहना

सांगली, १२ जुलै

मोहना,

आशीर्वाद आहेतच, ते दर वेळी लिहीत बसत नाही.

पहिली गोष्ट. तो आग विझवायचा लाल बाटला पहिल्या दिवशी वर्गात नेऊ नकोस. पोरं त्याच्याशी खेळतील आणि तुझा तास गेला. आधी फळ्यावर तीन शब्द लिही : जळण, हवा, उष्णता. तिन्ही एकत्र आली की आग. एक काढून घेतलं की विझली. एवढं डोक्यात बसलं की बाकी सगळं त्यातूनच निघतं.

मग वर्गात जळण शोधायला लाव. बाकं म्हणतील, वह्या म्हणतील. त्यांना सांग, तुमची दप्तरं, तुमचे बूट, रबर, प्लॅस्टिक. पेटलं की काळा धूर. माणूस जाळाने मरतो त्याआधी धुराने मरतो. धूर वर जातो, म्हणून आपण खाली वाकायचं. दार उघडण्याआधी उलट्या हाताने चाचपायचं. गरम लागलं तर उघडायचं नाही.

आणि एक दिवस न सांगता घंटा वाजव. मंदाकिनीबाईंनाही सांगू नकोस. मग तुला कळेल तुझी शाळा काय आहे.

माझं इथे बरं नाही. तब्येतीने उत्तम आहे. पण श्रीकृष्ण सातव्या मजल्यावर राहतो आणि इथल्या पाण्याच्या नळीच्या पेटीत कोणीतरी झाडू ठेवतं. मी तो रोज काढून टाकतो, ते रोज परत ठेवतात. सोसायटीत माझं नाव "फायरवाले म्हातारे" पडलंय. श्रीकृष्णला लाज वाटते. वाटू दे.

सुभानकाका

बडोदे, २७ जुलै

सुभानकाका,

घंटा वाजवली. हसावं की रडावं कळत नाही.

आमच्या प्रार्थनेच्या हॉलमध्ये शारदेची मूर्ती आहे, म्हणून सगळे बूट-चपला दाराबाहेर काढतात. हे मलाही माहीत होतं, रोज मीही काढते. घंटा झाली, पोरं काय शहाण्यासारखी उठली! रांग केली, वाकून चालायला लागली. मी मनात म्हटलं, वा मोहना. आणि रांग दारात थांबली ती थांबलीच. जो तो आपले बूट शोधतोय! सगळे काळे, सगळे सारखे. मागून रेटा, पुढे ढीग. आमची कोमल तर उंबऱ्यावर बसून लेस बांधत होती. मी ओरडले, "बूट सोडा, पळा!" तर म्हणते, "मॅडम, नवे आहेत, आई मारेल." तन्मयसर, पीटीचे मास्तर, स्वतः एका पायात सँडल घालून दुसरी शोधत होते.

सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन दारात चपला काढल्या आणि मनात आलं, खरा धूर असता तर त्या दारात काय झालं असतं?

आता शनिवारी अनवाणी पळायचा सराव घेते. "बूट नवे मिळतील" असं सगळ्यांकडून मोठ्याने म्हणवून घेते. पोरांना मजा वाटते.

आणखी एक विचारायचं होतं. माझ्याकडे एका मुलीची आई आली होती. मुलगी कारेलीबागेत क्लासला जाते. तिसरा मजला, एकच जिना, जिन्याच्या तोंडाशी सगळे मीटर, आणि पायरी-पायरीवर मुलांच्या चपला. खिडक्यांना जाळ्या. ती बाई फार अस्वस्थ आहे. मुलीला क्लासमधून काढावं का, म्हणून विचारत होती. मुलगी ऐकत नाही, दहावी आहे, सर चांगले शिकवतात. मी काय सांगू तिला?

मोहना

सांगली, २ ऑगस्ट

मोहना,

बुटांचं वाचून पोट धरून हसलो. सूनबाई बघायला आली काय झालं म्हणून.

आता त्या बाईंचं. त्यांना सांग, बाई, शिकवा, पळवू नका. कुठे कुठे काढणार? आज क्लास, उद्या कॉलेज, परवा ऑफिस. बडोद्यात एका जिन्याच्या इमारती थोड्या आहेत का? आया घाबरल्या की पोरींनाच घरी बसवतात, हे मी आयुष्यभर बघितलंय. मुलीला शहाणी करा आणि धीर धरा.

मुलीला नीट समजावा. जिना म्हणजे इमारतीचं धुराडं. खाली पेटलं की सगळा धूर जिन्यातून वर येतो. अशा वेळी जिन्यात उतरायचं नाही म्हणजे नाही, कोणी काहीही सांगो. खोलीचं दार लावायचं. फटीत ओले कपडे कोंबायचे. रस्त्याकडच्या खिडकीत उभं राहून हात हलवायचा आणि बंबवाल्यांची वाट पाहायची. दार नीट लावलेलं असलं तर वेळ मिळतो. माणसं मरतात ती घाईने.

त्या क्लासवाल्याला गाठून दोन गोष्टी करून घ्यायला सांग. जिन्यावरच्या चपला हलवायच्या आणि एका खिडकीच्या जाळीला आतून उघडणारं दार करायचं.

तू पानभर लिहिलंस, त्यात सानवीबद्दल एक ओळ नाही. काय करते कार्टी?

सुभानकाका

बडोदे, १६ ऑगस्ट

सुभानकाका,

रागावू नका. ती बाई मीच आहे. ती मुलगी सानवी आहे.

सरळ लिहिलं असतं तर तुम्ही घाबरला असता, आणि मला घाबरलेलं उत्तर नको होतं. तुम्ही परक्या पोरीबद्दल जे सांगाल ते खरं असेल, असं वाटलं. तुमचं पत्र आलं आणि जीव भांड्यात पडला. आठवडाभर घरात तोफा सुरू होत्या. मी म्हणायची क्लास बंद, सानवी म्हणायची, "तू माझी आई आहेस की इन्स्पेक्टर?" अविनाश म्हणाला, "दहावीच्या वर्षात कसले प्रयोग करतेस?" मी तुमचं पत्र दोघांना वाचून दाखवलं. सानवीने "शिकवा, पळवू नका" हे वाक्य तिच्या टेबलावर चिकटवलंय, माझ्या नाकासमोर. म्हणून ती जाते आहे. तुमच्या शब्दावर.

जिन्यात उतरायचं नाही, दार लावायचं, खिडकीत उभं राहायचं, हे मी शनिवारी सगळ्या दहावीला शिकवलं. सानवी मागच्या बाकावर बसून नखं बघत होती. ऐकलं की नाही, देव जाणे.

पीयूषसरांना भेटले. बिचारे सज्जन आहेत. "बेन, चिंता ना करो, आपणे त्यां कशुं नथी थवानुं," म्हणाले. आपल्याकडे काही होणार नाही म्हणे. मी हटले नाही. एका जाळीला दार करून घेतलं, माझ्यासमोर मिस्त्री बोलावून. चपलांचं मात्र त्यांनी त्यांच्या अकलेने केलं. जिन्याच्या भिंतीला खालपासून वरपर्यंत प्लायवूडचं रॅक ठोकलं आणि कौतुकाने मला फोटो पाठवला! चपला कशा शिस्तीत, आणि जिना आधीपेक्षा अरुंद. त्यात प्लायवूडची भर. आता हे काढा म्हणायला परत जाणार आहे.

क्लासच्या वेळात माझं घरात मन लागत नाही. उगाच भाजी आणायला निघते आणि त्या गल्लीवरून जाते. घरापासून दोन मिनिटांवर तर आहे.

तुमचा धीर थोडा पाठवा.

मोहना

सांगली, २० ऑगस्ट
(स्पीड पोस्ट)

मोहना,

पत्र आत्ता मिळालं. उभ्या उभ्या लिहितोय.

आधी जे लिहिलं ते सगळं खोडून टाक. आजच्या आज सानवीला त्या क्लासमधून काढ. दहावी गेली खड्ड्यात. खाली मीटर, वर प्लायवूड, त्यात रबरी चपला, हे काय आहे कळतंय का तुला? ही चूल रचून ठेवली आहे. मी कशाला लिहिलं ते पत्र! ते टेबलावरचं वाक्य फाडून टाक.

रुसली तर रुसू दे. तिच्या पायात बेडी घाल, पण पाठवू नकोस. श्रीकृष्णला अविनाशला फोन करायला सांगितलं तर म्हणतो, "बाबा, तुम्ही सगळीकडे आगच बघता." या घरात माझं कोणी ऐकत नाही.

पत्र मिळताच काढ. मग मला कळव.

सुभानकाका

बडोदे, २४ ऑगस्ट

सुभानकाका,

तुमचं स्पीड पोस्ट काल, शनिवारी आलं. आग परवा शुक्रवारी संध्याकाळी लागली.

सगळे सुखरूप आहेत. हे आधी वाचा, दोनदा वाचा. सानवी सुखरूप आहे. वर्गातली सगळी मुलं, पीयूषसर, सगळे. नखालाही धक्का नाही.

मीटरपाशी पेटलं. रॅकने पकडलं. चपला पेटल्या आणि काळा धूर जिन्यातून असा वर गेला की गल्लीत उभं राहवत नव्हतं. मुलांनी दार लावून घेतलं. पाण्याचा मोठा जार होता वर्गात, त्यात ओढण्या भिजवून फटीत कोंबल्या. बंब आला, शिडी लावली आणि त्या जाळीच्या दारातून एकेकाला काढलं. सगळी अनवाणी. रॅकमधली एक चप्पल उरली नाही.

तुम्ही स्वतःला काही लावून घेऊ नका. तुमच्या आधीच्या पत्रांतलं प्रत्येक अक्षर खरं ठरलं.

शनिवारचा तास आता तन्मयसर घेतील. मंदाकिनीबाईंना सांगितलंय, मला दहावीच्या तपासणीचं काम फार आहे. खरंच आहे. बाकी ठीक.

मोहना

बडोदे, ३१ ऑगस्ट

आजोबा,

मी सानवी. माझं मराठी लिखाण बघून हसू नका, शाळेबाहेर मी सगळं गुजरातीतच बोलते. आईने पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडे दिलं होतं. पाकीट उघडं होतं, मी वाचलं. आईने तुम्हाला सगळं नाही लिहिलं.

आग लागली तेव्हा मी पहिली दारापाशी गेले. उलटा हात लावला. गरम नव्हतं पण खालच्या फटीतून धूर येत होता. मी म्हटलं, दार नाही उघडायचं. आमच्याच वर्गातली कोमल रडायला लागली. पीयूषसर नुसते "अरे राम, अरे राम" करत होते. मी ओढण्या भिजवल्या, मग बाकीच्यांनी पण दिल्या. सरांनी शर्ट काढून दिला. तोपर्यंत सगळं बराबर चाललं होतं.

मग मी खिडकीत गेले आणि खाली आई दिसली. पायात काही नाही, केस सुटलेले. तिने मला बघितलं आणि ओरडली, "सानू, खाली ये! जिन्याने ये! पळ!"

आजोबा, माझी आई! तिनेच आम्हाला शनिवारच्या तासाला तेच नाही करायचं म्हणून शिकवलं! आणि ती थांबेच ना. "जिन्याने ये, जिन्याने ये." सगळ्यांनी ऐकलं. कोमल म्हणाली, "बघ, मॅडमच सांगतायत." अर्धे जण उठले आणि दारापाशी आले. एकाने तर कडीला हात घातला. मी दाराला पाठ लावून उभी राहिले. मला पण वाटत होतं, जाऊ का? आई सांगतेय म्हणजे तिला खालून काही दिसत असेल.

पण तुमच्या पत्रात होतं, "कोणी काहीही सांगो." मी कोमललाच दारापाशी उभी केली, म्हटलं कोणाला उघडू देऊ नको, आणि खिडकीत गेले आणि ओरडले, "आई, तू गप्प बस!" सगळ्या गल्लीसमोर. मग शेजारच्या काकांनी तिला धरून मागे नेलं. लायबंबा, म्हणजे आगीचा बंब, आला तोपर्यंत ती ओरडतच होती.

घरी आल्यावर मला वाटलं मार पडणार. तिने मला जवळ घेतलं. पण माझ्याशी बोलत नाही. जेवायला वाढते, कपाळावर हात ठेवून ताप बघते, आणि दुसऱ्या खोलीत जाते. बाबांना म्हणाली, "मी त्या सगळ्या पोरांना मारलं असतं. आता कुठल्या तोंडाने शिकवू?" तपासणीचं काम वगैरे सगळं खोटं आहे. गणपती बसले तेव्हा आरतीतसुद्धा ती रडत होती.

तन्मयसरांच्या तासाला आम्ही दोरीउड्या मारल्या. तुम्ही आईला काहीतरी लिहा. मी लिहिलं हे सांगितलं तरी चालेल, एवीतेवी मी गप्प बस म्हटलंच आहे.

सानवी

सांगली, ५ सप्टेंबर

मोहना,

सानवीने मला सगळं लिहिलं. तिला रागावलीस तर माझ्याशी गाठ आहे.

आता मुकाट्याने वाच. नोकरीत आमच्याकडे एक रीत होती. कुठल्या पुस्तकात लिहिलेली नव्हती, पण सगळे पाळायचे. ज्याच्या घरचं माणूस आत अडकलंय, त्याने हुकूम द्यायचा नाही. मग तो कितीही मोठा अधिकारी असो. त्याला मागे पाण्याच्या गाडीपाशी उभं करायचं आणि कोणीतरी त्याचा दंड धरून ठेवायचा. तो ओरडायचा, शिव्या द्यायचा, भलतंच काहीतरी सांगायचा. कोणी ऐकत नसे आणि नंतर त्याला कोणी बोलूनही दाखवत नसे. आपला जीव आत असला की शिकलेलं सगळं डोक्यातून जातं. माणूस मूर्ख असतो म्हणून नाही जात. जीव आत असतो म्हणून जातं.

माझंच बघ ना. परकी पोर होती तोवर मी काय शहाणा! धीर धरा, शिकवा, पळवू नका. सानवी निघाली आणि उभ्या उभ्या बेड्या घालायला निघालो. काढ म्हटलं ते चूक नव्हतं, तो जिना तसाच होता. पण ते मी विचार करून लिहिलं नाही. तू खालून ओरडलीस, मी पोस्टातून ओरडलो. तुझा आवाज वेळेवर पोचला आणि माझा उशिरा, एवढाच काय तो फरक.

ही रीत मी तुला शिकवायला विसरलो. एवढ्या गोष्टी लिहिल्या, बूट लिहिले, धूर लिहिला, आणि हे राहिलं. खाली उभी असलेली आई काय ओरडेल, हे पोरांना कोणी सांगितलंच नव्हतं. तुझ्या पोरीने ते स्वतःच्या अकलेने निभावलं. तिची दृष्ट काढ.

आता हे शिकवणार कोण? तन्मयसर? त्यांना म्हणावं दोरीउड्या घ्या. हे शिकवायला जी ओरडली तीच पाहिजे.

येत्या शनिवारी दहावीला वरच्या मजल्यावर बसव. घंटा कर. तू पटांगणात उभी राहा आणि ओरड. "खाली या, जिन्याने या, पळा." त्या दिवशी ओरडलीस तशीच. नावं घेऊन ओरड, रडून ओरड. पोरांनी दार लावून खिडकीत यायचं आणि जागचं हलायचं नाही. जो हलेल त्याच्याकडून परत करून घे. सवय होऊ दे त्यांना. अशी मोठ्याने ओरड की इथे माझ्या बहिऱ्या कानांना कळलं पाहिजे.

झालं की मला दोन ओळी टाक.

सुभानकाका

(पोस्टकार्ड)

बडोदे, १३ सप्टेंबर

सुभानकाका,

ओरडले. पहिल्या हाकेला आवाजच फुटेना. मग फुटला तो थांबेना. मंदाकिनीबाई धावत बाहेर आल्या, रस्त्यावरचे लोक फाटकात उभे राहिले. "कोमल, खाली ये," म्हटलं तर ती खिडकीत ओठ चावत उभी. सानवीचं नाव घेऊन रडले. खरंच रडले.

घसा बसला आहे. एकही पोर हललं नाही.

मोहना